गोदामात जुनं औषध निघालं तर: टिकून राहणाऱ्या विषांचा कायदा गावात कसा लावायचा

सेवा सहकारी सोसायटीचं जुनं गोदाम पाडायला काढलं की मागच्या कोपऱ्यात हमखास काहीतरी निघतं. ओलीने फुगलेली गोणी, आत करडा-पांढरा भुगा आणि नाकात बसून राहणारा कुबट वास. जुनी माणसं लगेच ओळखतात, "बीएचसी पावडर हाय ही." पुढचा सल्लाही ठरलेला असतो: धुऱ्यावर खड्डा करा अन् पुरून टाका. हा सल्ला ऐकू नका. बीएचसी या जुन्या कीटकनाशकावर भारतात १९९७ पासून बंदी आहे आणि त्यातला बीटा नावाचा घटक मातीत वर्षानुवर्षं तसाच राहतो. पुरलेली गोणी म्हणजे विहिरीच्या वरच्या अंगाला ठेवलेली ठेवच.

अशा मालाचं काय करायचं, कोणता कायदा कुठे लागतो आणि कोणत्या कार्यालयात कोणता कागद द्यायचा, ते इथे क्रमाने दिलं आहे. ग्रामपंचायत, सोसायटीचे सचिव, कृषी केंद्रवाले आणि शेतकरी या सगळ्यांना लागू पडेल असं.

आधी हे टिकणारं विष आहे का ते बघा

विदर्भात विषबाधा म्हटलं की २०१७ चा यवतमाळचा फवारणीचा हंगाम आठवतो. त्या वेळी ज्यांची नावं पुढे आली त्यातली मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी औषधं माणसाला तासाभरात आडवं करतात, पण मातीत ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोडतात. टिकणाऱ्या विषांची तऱ्हा उलटी असते. ती सहसा लगेच मारत नाहीत, मोडत नाहीत आणि पाण्यात विरघळत नाहीत. विरघळतात ती चरबीत. म्हणून त्यांचा रस्ता वैरण, ढेप (पेंड), म्हैस, दूध, तूप असा चालतो आणि प्रत्येक पायरीवर त्यांचं प्रमाण वाढत जातं. डीडीटीचं प्रमाण मातीत निम्मं व्हायला २ ते १५ वर्षं लागतात.

डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण इथे उपयोगी नाही. तो रंग पोटात गेल्यास किंवा कातडीला लागल्यास किती घातक एवढंच सांगतो, मातीत किती टिकेल हे नाही. बघायचं ते रसायनाचं सामान्य नाव. ते लेबलवर कंपनीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात, टक्केवारीसह असतं. आपल्याकडे बहुधा ही नावं निघतात:

बीएचसी १० टक्के भुकटी. लिंडेन, म्हणजे गॅमा बीएचसी: उत्पादन मार्च २०११ पासून बंद, वापर २५ मार्च २०१३ पासून बंद. डीडीटी ५० टक्के पाण्यात मिसळणारी भुकटी: शेतीसाठी १९८९ पासून बंद, फक्त सरकारी आरोग्य खात्याच्या रोगवाहक कीटक नियंत्रणासाठी परवानगी. त्यामुळे ही भुकटी खाजगी घरात किंवा दुकानात दिसली तर ती आली कुठून हा पहिला प्रश्न. वाळवीसाठी वापरलेले अल्ड्रिन, हेप्टाक्लोर, क्लोरडेन: १९९६ पासून बंद. पऱ्हाटीवर सर्रास मारलेलं एंडोसल्फान ३५ टक्के प्रवाही: सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी उत्पादन, विक्री, वापर थांबवला. मिरची आणि संत्र्यावरच्या कोळीसाठी वापरलं जाणारं डायकोफॉल १८.५ टक्के: २९ सप्टेंबर २०२३ च्या केंद्राच्या आदेशाने बंद.

क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाबद्दल गोंधळ आहे. टिकणाऱ्या विषांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत ते २०२५ मध्ये, काही सवलतींसह, घातलं गेलं. पण जिनिव्हात यादीत नाव आलं म्हणजे अकोल्याच्या दुकानात बंदी आली असं होत नाही. भारताने हा करार १३ जानेवारी २००६ रोजी मंजूर करतानाच सांगून ठेवलं आहे की यादीत पुढे होणारी प्रत्येक भर आम्ही वेगळी मंजूर करू तेव्हाच लागू होईल. म्हणून दुकानदारावर तक्रार करताना कराराचा हवाला देऊ नका. भारताच्या राजपत्रातला आदेश दाखवा. तो नसेल तर तक्रार तिथेच गळून पडते.

माल कोणाच्या ताब्यात आहे, त्यावर कायदा ठरतो

चुका सर्वांत जास्त इथे होतात. एकच एंडोसल्फानचा डबा, पण तो कुठे सापडला त्यावर कलम बदलतं.

कृषी केंद्रात सापडला तर कीटकनाशक कायदा १९६८. कलम १८ प्रमाणे बंदी असलेलं औषध विकणं, विक्रीसाठी साठवणं, वाहून नेणं हा गुन्हा आहे. कलम २९ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. "विकायला नाही, नुसतं पडून आहे" हा बचाव दुकानदार नेहमी करतो. त्यासाठी कीटकनाशक नियमांत तरतूद आहे: मुदत संपलेला माल वेगळा काढून त्यावर विक्रीसाठी नाही, वापरासाठी नाही असा शिक्का मारायचा आणि आखून दिलेल्या वेगळ्या जागी फलक लावून ठेवायचा. फलक नाही, शिक्का नाही आणि डबा इतर मालाच्या रांगेत, तर बचाव लंगडा पडतो.

शेतकऱ्याच्या घरात सापडला तर मात्र थांबा. याच कायद्याचं कलम ३८ सांगतं की स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कीटकनाशक वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही. ही मोठी फट आहे, पण आहे. त्यामुळे शेजाऱ्याला "तुला आत टाकतो" म्हणून धमकावण्यात अर्थ नाही. उलट त्यालाच साक्षीदार करा: डबा कुठून घेतला, बिल आहे का. नियमाप्रमाणे दुकानदाराने प्रत्येक विक्रीची पावती द्यायची असते आणि तिच्यावर बॅच क्रमांक असेल तर तपास थेट पुरवठादारापर्यंत जातो.

सोसायटी, बंद जिनिंग, बंद कारखाना किंवा सरकारी गोदामात सापडला तर तो घातक कचरा. त्याला २०१६ चे घातक व इतर कचरा नियम लागू, आणि दार ठोठवायचं ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. विदर्भात त्यांची प्रादेशिक कार्यालयं नागपूर, अमरावती आणि चंद्रपूरला आहेत.

जमीन किंवा पाणी आधीच नासलं असेल तर जुलै २०२५ चे दूषित स्थळांचे नियम लागतात. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची आणि मंडळाने प्राथमिक तपासणी करायची अशी त्यात रचना आहे. ग्रामपंचायतीने ठराव करून यादीत जागा घालण्याची मागणी करणं हा यातला सोपा आणि फुकट मार्ग आहे. अजून फार ग्रामपंचायतींच्या कानावर तो गेलेला दिसत नाही.

२०१८ साली केंद्राने टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांसाठी खास नियम काढले, त्यात सात रसायनं बंद केली. त्यातली बरीचशी फोम आणि प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून घालायची. शेतात त्यांचा संबंध कमी, भंगारवाल्याच्या वाड्यात जास्त.

हात लावण्याआधी

गोणी उचलू नका, झाडू मारू नका, पाणी ओतू नका. कोरडा झाडू भुगा हवेत उडवतो आणि पाणी तो फरशीच्या भेगेतून खाली नेतं. आधी मोबाईलवर फोटो: पूर्ण खोली, डब्याची जागा, लेबल जवळून. लेबलवरून पाच गोष्टी वहीत उतरवा: सामान्य नाव व टक्के, नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादन आणि मुदत संपल्याची तारीख. लेबल कुजलं असेल तर "लेबल वाचता येत नाही" असंच लिहा, अंदाजाने नाव घालू नका. पुढे प्रयोगशाळेने वेगळं नाव काढलं तर तुमचा सगळा कागद खोटा ठरवतात.

डबा गळत असेल तरच हलवा. नायट्राइलचे हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि भुकटी व वाफ दोन्ही अडवणारा मास्क. तोंडाला बांधलेला दुपट्टा भुगा थोडाफार अडवतो, वाफ अजिबात नाही. फुटलेली गोणी आहे तशी झाकणवाल्या मोठ्या पिंपात उतरवा. सांडलेल्या द्रवावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाका, शोषली की तीही वेगळ्या पिंपात. पिंपावर रंगाने लिहा: विष, उघडू नये, तारीख. मग खोलीला कुलूप.

त्या खोलीत ढेप, सरकी, बियाणं किंवा खत एक दिवसही राहू देऊ नका. ढेपेत तेल असतं आणि ही विषं तेलात शिरतात. घरात तूर, ज्वारी साठवताना कोठीत पांढरी पावडर टाकायची सवय अजून कुठेकुठे आहे. ती पावडर कोणती हे त्याच दिवशी तपासा, कारण तो दाणा थेट पोटात जातो.

जाळायचं तर नावच नको. क्लोरीन असलेली ही रसायनं उघड्यावर जाळली की डायॉक्सिन तयार होतं, आणि तेही याच स्टॉकहोम करारातलं विष आहे. जुन्या मोटारीची वायर तांब्यासाठी जाळतात तेव्हाही हेच होतं: वायरवरच्या पीव्हीसीत क्लोरीन असतं आणि तांबं त्या क्रियेला हातभार लावतं. घातक कचऱ्याच्या भट्टीत दुसऱ्या कक्षाचं तापमान १,१०० अंशांच्या वर आणि धूर तिथे किमान २ सेकंद ठेवतात ते एवढ्यासाठीच. पऱ्हाटीच्या जाळावर ते साधत नाही.

कागद

तोंडी तक्रार केली तर साहेब "बघतो" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी डबा गायब होतो. अर्ज दोन प्रतींत लिहा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. दुकानातल्या मालासाठी तो कीटकनाशक निरीक्षकाकडे जातो. हे अधिकार बहुतेक ठिकाणी पंचायत समितीतल्या कृषी अधिकाऱ्याकडे असतात. वरची प्रत जिल्हा परिषदेच्या कृषी विकास अधिकाऱ्याला. मजकूर असा पुरतो:

"प्रति, कीटकनाशक निरीक्षक, पंचायत समिती ____. विषय: बंदी असलेले कीटकनाशक साठ्यात आढळल्याबाबत. दिनांक ____ रोजी ____ वाजता मौजा ____ येथील ____ या ठिकाणी एंडोसल्फान ३५ टक्के प्रवाही, बॅच क्र. ____, अंदाजे ____ लिटर आढळले. छायाचित्रे जोडली आहेत. कीटकनाशक कायदा १९६८, कलम २१ व २२ प्रमाणे साठा थांबवून पंचनामा करावा व नमुना घ्यावा. पंचनाम्याची प्रत मिळावी."

"योग्य ती कार्यवाही करावी" हे वाक्य टाळा. त्याचं उत्तर "योग्य ती कार्यवाही केली" एवढंच येतं. कलम २१ ने निरीक्षक विक्री-वापर ३० दिवसांपर्यंत थांबवू शकतो, तेच नाव घेऊन मागा.

निरीक्षक आला की तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. नमुन्याचे तीन भाग होतात का आणि तिन्ही सीलबंद होतात का: एक मालकाला, एक विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी. सीलवर मालकाची सही किंवा त्याने नकार दिल्याची नोंद आहे का. आणि पंचनाम्यात शिल्लक साठा लिटर-किलोत लिहिला आहे का. साठ्याचा आकडा नसेल तर उरलेला माल हलवला तरी कोणाला जाब विचारता येत नाही. अशा खटल्यांत आरोपी सुटतो तो बहुतेकदा सीलच्या गडबडीमुळे, औषध खरं-खोटं या मुद्द्यावर क्वचितच. आणखी एक: कलम ३१ मुळे खटला भरायला शासनाची किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी संमती लागते. तुम्ही परस्पर न्यायालयात जाऊ शकत नाही, म्हणून निरीक्षकाचा पंचनामा भक्कम होणं हेच तुमचं काम.

माती-पाण्याचा नमुना

तालुक्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत माती देऊन "औषध निघालं नाही" म्हणून निर्धास्त होणारे बरेच आहेत. तिथे सामू, नत्र, स्फुरद, पालाश बघतात, कीटकनाशक बघतच नाहीत. पाण्याचंही तसंच: नेहमीच्या तपासणीत फ्लोराईड, नायट्रेट, क्षार येतात. तुम्हाला हवी ती गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रावर ऑर्गॅनोक्लोरीन, म्हणजे क्लोरीन असलेली कीटकनाशकं, तपासणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा. पैसे भरण्याआधी तिच्या मान्यतेच्या यादीत तुमच्या रसायनाचं नाव आहे का ते विचारा. नागपूरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) ही स्टॉकहोम कराराची आशियातली एक प्रादेशिक केंद्र-संस्था आहे. मंडळाला पत्र लिहिताना तिच्याकडून तपासणीची मागणी घालायला हरकत नाही.

माती: पुरलेल्या किंवा सांडलेल्या जागेतून ८-१० ठिकाणी, ० ते १५ सेंटिमीटर खोल, स्वच्छ लोखंडी खुरप्याने. एकत्र करून अर्धा किलो, रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत, झाकणाखाली ॲल्युमिनियमची पन्नी. प्लास्टिकची पिशवी नको, ही रसायनं प्लास्टिकला चिकटतात आणि अहवालात आकडा कमी येतो. उताराच्या वरच्या अंगाच्या शेतातून दुसरा नमुना घ्या. तो नसेल तर "सगळीकडेच एवढं असतं" म्हणून अहवाल उडवतात.

पाणी: १ लिटर, गडद काचेची बाटली, काठोकाठ भरलेली, बर्फाच्या पेटीत. सात दिवसांच्या आत प्रयोगशाळेत प्रक्रिया सुरू व्हायला हवी.

केव्हा घ्यायचा हेही महत्त्वाचं. भारी काळी जमीन ही विषं घट्ट धरून ठेवते, म्हणून ती सहसा खाली झिरपत नाहीत, गाळाबरोबर वाहून नाल्यात आणि तळ्यात जातात. पण उन्हाळ्यात त्याच जमिनीला हातभर भेगा पडतात आणि मृगाचं पहिलं पाणी भेगेतून सरळ खाली उतरतं. विहिरीच्या पाण्याचा एक नमुना पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवडाभरात घ्या, एक हिवाळ्यात. बरड, मुरमाड जमिनीत वाट बघायची गरज नाही, तिथे पाणी केव्हाही खाली उतरतं.

अहवाल आला की पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, आयएस १०५०० शी, ताडून बघा. एका लिटरमागे मर्यादा अशा: डीडीटी १ मायक्रोग्रॅम, एंडोसल्फान ०.४, लिंडेन २, बीटा बीएचसी ०.०४, अल्ड्रिन-डिल्ड्रिन मिळून ०.०३. "आढळले नाही" असं लिहिलं असेल तर प्रयोगशाळेची किमान मोजणी किती ते शोधा. तिचं यंत्र १ मायक्रोग्रॅमपासून पुढेच मोजत असेल तर अल्ड्रिनच्या बाबतीत तो अहवाल कोऱ्या कागदासारखा आहे, कारण मर्यादाच त्याच्या कितीतरी खाली आहे.

डीपीचं ऑइल

ट्रान्सफॉर्मरचं तेल वाळवीसाठी लाकडाला, गुरांच्या जखमेला, कधी गुडघ्यालासुद्धा चोळतात. आजच्या डीपीत साधं खनिज तेल असतं. पण जुन्या ट्रान्सफॉर्मर-कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं टिकाऊ विष असू शकतं, किंवा दुरुस्तीत तेलं मिसळताना ते शिरलेलं असतं. पाटीवर ॲस्करेल, पायरानॉल, ॲरोक्लोर यातलं काही दिसलं तर दूर राहा. शुद्ध पीसीबी पाण्यात बुडतं, खनिज तेल तरंगतं. मात्र तरंगलं म्हणून निर्धोक समजू नका, दूषित खनिज तेलही तरंगतंच. एप्रिल २०१६ च्या केंद्राच्या आदेशाने पीसीबीचं उत्पादन आणि आयात बंद झाली, वापर पूर्ण थांबवायला ३१ डिसेंबर २०२५ ची मुदत घातली. गावात डीपीचं तेल विकायला कोणी आला तर वीज कंपनीच्या उपविभागाला आणि पोलिसांना एकाच वेळी लेखी कळवा, नाहीतर प्रत्येक जण ते दुसऱ्याचं काम समजतो.

कोणी हललं नाही तर

तीस दिवस वाट बघून माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, १० रुपयांचं न्यायालय मुद्रांक. विचारा: माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणी, पंचनामा, विश्लेषकाचा अहवाल यांच्या प्रती द्या. "कारवाई का केली नाही" असं विचारलं तर "का" ही माहिती नाही म्हणून परत येतं.

त्यानंतर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ. पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून ६ महिने, भरपाईसाठी ५ वर्षं, दोन्हींत सबळ कारण असेल तर ६० दिवसांची सवलत. भरपाई मागायची नसेल तर फी १,००० रुपये, मागायची तर रकमेच्या १ टक्का. गावकरी सहा महिने तहसील आणि जिल्हा परिषदेत घालवतात आणि मुदत हुकते, म्हणून डबा सापडल्याची तारीख पहिल्याच अर्जात ठळक लिहा. पर्यावरण संरक्षण कायद्यात १ एप्रिल २०२४ पासून कैदेऐवजी १०,००० ते १५ लाख रुपये दंड आला आहे, जुनी पुस्तकं बघून अर्जात पाच वर्षं कैद लिहू नका.

माल शेवटी जातो कुठे

नागपूरजवळ बुटीबोरीला घातक कचऱ्याचं सामायिक केंद्र आहे. एकट्या शेतकऱ्याला दोन लिटरसाठी तिथे जाणं जमत नाही. व्यवहारात चालतं ते असं: ग्रामपंचायत किंवा सोसायटी गावभरातल्या डब्यांची यादी करते, ग्रामसभेचा ठराव जोडते आणि मंडळ व कृषी खात्याकडे एकत्रित उचल मागते. दहा-बारा गावांनी मिळून मागणी केली तर वाहतुकीचा खर्च वाटून जातो. घातक कचरा एका जागी साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून गोळा करण्याआधी उचलीची तारीख लेखी घ्या. आधी गोळा करून मग पत्र लिहिणाऱ्या गावांत दुसरं गोदाम तयार होतं.

गाडी परवानाधारकच हवी, माल चढताना सात प्रतींचं मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबतचा नोंदीचा कागद, भरलं जातं. वजन तुमच्यासमोर झालं पाहिजे आणि तो आकडा मॅनिफेस्टवर पाहिजे. वाहतूकदाराची सही असलेली पिवळी प्रत पाठवणाऱ्याकडे राहते, ती सोसायटीच्या दप्तरात लावा. माल गेल्यावर गोदामाची फरशी धुऊ नका. वरचा पोपडा आणि भेगांतली माती खरवडून, ती त्याच फेरीत पाठवायची असते, म्हणून एक पिंप मोकळं राखून ठेवा. त्या खोलीच्या मातीचा नमुना साफ येईपर्यंत तिथे सोयाबीन, बियाणं, ढेप यातलं काही ठेवू नका. कुदळ, फावडे, तारेची बंडलं ठेवायला खोली वापरता येते.